फोरमनच्या घरातलं विमान

बेल वाजली आणि गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. भुंकणारच! ती बेल मूळची मालवाहू विमानातली, सैनिकांना उड्या मारायचा इशारा देणारी. नवीन पाहुण्याचा जीव दाराबाहेरच अर्धा व्हायचा.

संग्रहालयाचा माणूस कानावर हात ठेवूनच आत आला. मान वर करून त्याने बेलकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही आमची."

"घ्या बाबा, घ्या," काकू म्हणाल्या. "सुटले एकदाची."

फोरमनकाका ओशाळून हसले. त्यांची सगळी नोकरी त्या एका अगडबंब विमानाच्या देखभालीत गेली होती. विमान निवृत्त झालं, पाठोपाठ काकाही झाले. मग मैदानात नुसत्या उभ्या असलेल्या विमानाचे सुटे भाग चोरीला जायला लागले. चोरांनी नेऊ नयेत म्हणून काकांनी ते स्वतःच न्यायला सुरुवात केली. जपून ठेवायला. आणि ठेवणार कुठे, तर काकूंच्या घरात!

आता त्या जातीची दोनच विमानं उरली होती आणि संग्रहालयात जागा होती एकालाच. जे पूर्ण असेल ते आत जाणार, दुसरं उद्या भंगारवाला कापणार. काकांचं विमान तसं पूर्ण होतं. फक्त थोडं मैदानात होतं आणि थोडं इथे.

संग्रहालयवाल्याने दोन हमालांना आत बोलावलं आणि घर उसवायला घेतलं. कांदे-बटाटे टांगलेलं जाळं उतरवलं, ते माल बांधायचं निघालं. बाथरूमच्या दारावर उडीचे दोन दिवे होते. लाल असला तर आत कोणीतरी आहे, हिरवा लागला की पळायचं. ते निघाले तेव्हा सूनबाई कळवळली.

"आई, आता आत कोण आहे ते कळायचं कसं?"

"अगं, बाकीचं जग कडी वाजवतं," काकू म्हणाल्या.

काकू भलत्याच खुशीत होत्या. 'हे भंगार काढा' म्हणून इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि आज ट्रक आपण होऊन दारात आला होता. ओट्याजवळच्या आपल्या खुर्चीवर बसून त्या एकेक वस्तू जाताना बघत होत्या.

शेवटी संग्रहालयवाला स्वयंपाकघरात आला आणि काकूंसमोरच थांबला.

"काकू, जरा उठता?"

"का म्हणून?"

"ही खुर्ची... विमानाच्या मागच्या दाराजवळची आहे. भिंतीवर बसवलेली, स्प्रिंगची, घडीची."

"असेल," काकू म्हणाल्या आणि आणखी ऐसपैस बसल्या. "आता माझी आहे."

काका पान्हा घेऊन पुढे झाले. "अगं, एका खुर्चीसाठी काय अडून बसतेस? असली विमानं आता जगात दोन उरलीत, दोन!"

"आणि माझ्यासारख्या किती उरल्यात?"

एका हमालाला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात दडवलं.

"गुडघे गेल्यापासून या घरात मला उठताना हात देणारी ही एकटी," काकूंचा आवाज चढला. "बसले की मुकाट बसू देते, उठायला लागले की मागून अलगद वर ढकलते. तुम्ही कुठे असता तेव्हा? त्या विमानाच्या पोटाखाली, तेल पुसत!"

काकांनी पान्हा खाली केला. मग संग्रहालयवाल्याकडे वळले.

"खुर्ची नसली तर?"

"तर पूर्ण नाही म्हणून सांगावं लागेल, काका. दुसऱ्या विमानातली जागेवर आहे."

काकांनी पान्हा खिशात घातला. "मग तसंच सांगा. राहू द्या खुर्ची."

एवढं बोलून ते खिडकीशी गेले आणि कोरडेच हात फडक्याने पुसत बसले. पुसता पुसता खांदे हलायला लागले.

काकूंना हे अगदीच नवीन होतं. भांडायची तयारी त्यांनी सकाळपासून केली होती, पण जिंकल्यावर काय करायचं ते कुठे ठरवलं होतं? त्यांनी काकांच्या पाठीकडे पाहिलं. मग ओट्याची कड धरली आणि उठल्या. खुर्ची खाट्‌कन भिंतीला मिटली.

"न्या," त्या म्हणाल्या. "काढा लवकर, माझं मन फिरायच्या आत. आणि डाव्या बाजूला करकरते, तिला दोन थेंब तेल लागतं. ह्यांना विचारू नका, ह्यांना माहीत नाही."

ट्रक गेला. घर एकदम मोठं वाटायला लागलं. ओट्याजवळच्या भिंतीत स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती. सूनबाईने काकूंना बसायला एक बुटकं स्टूल आणून दिलं.



"चला, चहा ठेवते," काकू म्हणाल्या आणि उठायला गेल्या.

खुर्ची होती त्याच जागी काका भिंतीला टेकून उभे होते. ते चटकन पुढे आले, काकूंच्या बगलेत मागून हात घातले आणि आयुष्यभराच्या नोकरीचा सगळा जोर लावून त्यांना वर ढकललं. काकू स्टुलावरून थेट ओट्यावरच जाऊन थडकल्या. डबे खडखडले.

"अहो, हळू! मला चहा ठेवायचाय, उडी नाही मारायची!"

काका घाबरून हात मागे घेऊन उभे. "लागलं का गं?"

काकूंनी पदर सावरला, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि चहाचं भांडं बाजूला ठेवून परत स्टुलावर जाऊन बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "पुन्हा करा."