रंगीत तालीम

"आणि देवांचं कोण बघणार?" आप्पांनी अंदमानचा नकाशा घडी करून सुनेच्या हातात परत दिला.

हेच येणार, हे शर्वाणीला ठाऊक होतं. आप्पांनी रोजची पूजा कधी चुकवली नव्हती. समुद्र बघायचाय म्हणता म्हणता सासूबाई तो न बघताच गेल्या, कारण मिरजेहून रत्नागिरीला जायचं म्हटलं तरी एक रात्र बाहेर काढावी लागे. आता तर आठवडाभर बेटावर राहायचं होतं.

"बाहेरगावी जाताना माझी आई देव तांदळात ठेवायची," ती एवढंच म्हणाली. "मग ते उपाशी राहत नाहीत, म्हणायची."

आप्पा उठून आत गेले. तिने विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची घंटा वाजलीच नाही. शर्वाणी घाबरून आत धावली. देवघर रिकामं होतं. समोर पाटावर आप्पा बसले होते आणि त्यांच्या मांडीवर पितळी डबा होता. डब्यातल्या तांदळात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे देव नीट झोपवलेले होते. त्यांच्या अंगावर सासूबाईंच्या जुन्या साडीचा तुकडा पांघरला होता.

"आप्पा, जायला अजून दोन महिने आहेत."

"माहीत आहे." आप्पांनी कापडाची सुरकुती बोटाने सारखी केली. "पण एकदम आठवडाभर कसं जमणार? आज एक दिवस सवय करून बघू म्हटलं."

"देवांना?"

"ते केव्हाच झोपले," आप्पा म्हणाले. "मलाच चैन पडत नाहीये."