सिग्नेच्या पेशी

चाचणीचा निकाल हाती आला, तेव्हा हेल्गे खाली दाराशी बुटांचा बर्फ झटकत होता. बशीतल्या पेशी सिग्नेच्या नव्हत्याच.

सिग्ने त्याची बायको. ती कर्करोगाने गेली. जाण्याआधी तिनेच सही करून गाठीचा तुकडा उप्सालाच्या या प्रयोगशाळेला दिला होता. तेव्हापासून हेल्गे दर हिवाळ्यात वेलचीचे गोड बनपाव घेऊन यायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि एकच विचारायचा, अजून जिवंत आहेत का. जिवंत म्हणजे काय, नुसत्या फोफावताहेत, असं सगळे आनंदाने सांगायचे. म्हातारा मान हलवून मुकाट्याने घरी जायचा. माया असावी तर अशी, असं म्हणत मग सगळे त्याने आणलेले बनपाव फस्त करायचे.

चूक जुनी होती आणि अगदी साधी. कुणीतरी एकाच बाटलीतलं पोषक द्रावण दोन बशांना घातलं असणार. शेजारच्या बशीतल्या दणकट पेशी एखाद्या थेंबातून आल्या, आणि भटाला दिली ओसरी तशी गत झाली. गोठवून ठेवलेला साठाही सोबतच तपासला होता. त्यातही सिग्नेची एक पेशी नव्हती. या पेशींवर काम करणाऱ्या इल्वाचं सगळं संशोधन पाण्यात गेलं होतं. पण तिला घोर लागला होता तो म्हाताऱ्याचा.

"बघू दे त्याला नेहमीसारखं," प्राध्यापक स्टेलन म्हणाले. "त्याला काय कळणार आहे? बिचाऱ्याची बायको दुसऱ्यांदा कशाला मारतेस?"

इल्वाला ते पटलंही. पण हेल्गे येऊन बसला, बशीवर वाकला, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि तिला खोटं बोलवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

हेल्गेने सूक्ष्मदर्शकावरून डोळा बाजूला घेतला. "म्हणजे तिच्या गाठीतल्या पेशी?"

"त्या केव्हाच मेल्या, हेल्गे."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकही उरली नाही."

म्हातारा रडू लागला. इल्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याचा हात धरला आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली.

"माफी कसली मागतेस, पोरी," हेल्गे म्हणाला. "माझ्या सिग्नेला खाणारी ती गाठ मेली का, एवढंच बघायला मी यायचो. आणि तुम्ही दरवर्षी हसत हसत सांगायचात, फोफावतेय."