ओढ्यापलीकडचं तण

दोन्या कासिल्दाच्या मक्यात यंदाही मोसोते माजलं. दरवर्षी मरणारं आणि दरवर्षी दुपटीनं उगवणारं तण ते. त्यामुळं ती रोज सकाळी ओढा ओलांडून शेजारच्या एलिहियोकडे भांडायला जायची. त्याच्या कमरेएवढ्या मोसोतेतून वाट तुडवत दारात उभी राहायची, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि घरी यायची. मग स्वतःच्या मक्याच्या कडेला बसून घागऱ्याला चिकटलेली काळी कुसळं एकेक उपटून फेकायची. प्रत्येक कुसळामागं एक शिवी.

शेवटी तिनं गावच्या पंचालाच त्याच्या दारात आणून उभं केलं.

"ह्या आळशाचं तण माझ्या शेतात येतंय!"

"मधे ओढा आहे, बाई. पोहत येतंय का?" एलिहियो म्हणाला.

"वाऱ्यानं येत असेल!"

"त्याचं बी वाऱ्यानं उडत नाही. कुणाच्या तरी अंगाला चिकटून जातं."

"मग तुझं गाढव आणत असेल!"

"गाढव मरून तीन वर्षं झाली. तूच मेणबत्ती लावली होतीस."

पंच मघापासून तिच्या घागऱ्याकडे बघत होता. "दोन्या कासिल्दा," त्यानं हळूच विचारलं, "ही कुसळं घरी गेल्यावर तुम्ही टाकता कुठं?"

कासिल्दानं घागरा गोळा करून वर धरला आणि ओढ्याकडे चालू लागली. चार पावलांवर थांबून मागं वळली.

"उद्यापासून भांडायला तू येत जा," ती एलिहियोवर ओरडली, "आणि पँट झटकून ये!"