वाढत्या अंगाचा झगा

“पोरीची दरवर्षीची उंची कुठं लिहून ठेवलीय का?” विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी विचारलं आणि रसूल टेलरच्या तोंडचं पाणी पळालं.

अकरा वर्षांची फिरदोस मात्र बापापेक्षा चलाख. वर्गात सगळ्यांत बुटकी, पण बोलायला सगळ्यांत पुढं. रहिमतपूरहून निघतानाच तिनं दुकानातली मापाची वही पिशवीत टाकली होती.

“हाय की! अब्बा दर ईदला माप घेत्यात माजं.”

डॉक्टरांनी चार ईदांची मापं पाहिली. “वर्षाला दोन-दोन इंच? मग वाढ चांगली आहे. बाकी तपासण्यांतही काही सापडलं नाही. आजची उंची वहीशी जुळली तर औषध नको. वाढ अडली असेल तर मात्र आत्ताच सुरू करायला हवं. हे वय गेलं की उपयोग नाही.”

फिरदोस भिंतीवरच्या मोजपट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली. झगा फरशीला टेकलेला. वाढत्या अंगाचा म्हणून रसूलनंच तो लांब शिवला होता. गावाचे कपडे बेतशीर शिवणारा हा माणूस लेकीच्या बाबतीत दरवेळी चुकायचा.

डॉक्टरांनी वरची सरकती पट्टी तिच्या डोक्यावर टेकवली. “जुळलं की.”

फिरदोस हसली. खाली झग्याची कड थरथरत होती. ती थरथर रसूलच्या ओळखीची होती. दर ईदला थोडी जास्त. त्यानं कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं. माप झालं की पोर खुलायची, तेवढ्यासाठी तो येईल तो आकडा मुकाट लिहून टाकायचा. आज त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. झग्याखाली हात घालून त्यानं दोन्ही टाचा धरल्या.

“टेकव, बेटा.”

“अब्बा, नगं ना.” ती कुजबुजली. “वहीत तुमीच ल्हिवलंय न्हवं?”

“व्हय. म्याच ल्हिवलंय. टेकव.”

टाचा हळूहळू खाली आल्या. झगा फरशीवर गोळा झाला. वरची पट्टी होती तिथंच राहिली.

पट्टी आणि लेकीचं डोकं यांच्यातली फट रसूलनं नुसत्या नजरेनं मोजली. चार ईदांत पहिल्यांदाच त्यानं बरोबर माप घेतलं.

तीन इंच.