अर्ध्या गोळीपासून

“चार वर्षांत एकही फीट नाही, मेंदूचा आलेखही स्वच्छ. आता गोळ्या कमी करायला हरकत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चोवीस वर्षांच्या लेकीने खुर्चीतच उडी मारली.

आईने मात्र पर्स पोटाशी घट्ट धरली. ती शिवणकाम करणारी. कापडाला कात्री लावण्याआधी चारदा माप घेणार. “पुन्हा येणार नाही, असं लिहून द्याल?”

“नाही. तसं कोणीच देणार नाही. आली तर गोळ्या परत सुरू करू.”

“मग सुखातला जीव दुःखात कशाला घालायचा? चाललंय ते बरं चाललंय.”

“काय बरं चाललंय?” लेक म्हणाली. ती दातांच्या कवळ्या बनवायची. “गोळ्यांनी हात थरथरतात. काल एका आजोबांचा सुळा तिरका बसवला मी! आणि वर्षभराने मी नोकरीसाठी एकटी राहायला जाणार. काही व्हायचंच असेल, तर तुझ्या डोळ्यांसमोर झालेलं बरं ना?”

पोरगी बरोबर बोलत होती, हीच तर पंचाईत होती. लेकीने तिचा हात हातात घेतला. “कधीपासून ते तू ठरव, आई. तू म्हणशील तेव्हा.”

“एकदम बंद?” आईने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“छे! दर दोन आठवड्यांनी अर्धी गोळी कमी. सहा-सात महिने लागतील.”

“म्हणजे एकेक टाका उसवायचा. टर्रकन फाडायचं नाही.”

“अगदी!”

आईने पोटाशी धरलेली पर्स टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “आजपासूनच करा. उद्यावर टाकलं तर माझा धीर सुटेल.”

लेकीने आधी आईला मिठी मारली, मग टेबलाला वळसा घालून डॉक्टरीणबाईंना. बाहेर ताटकळणारे दोघे पेशंट काय झालं म्हणून दारातून डोकावले.

“पण नियम तेच हं,” चष्मा सावरत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गाडी नाही, पोहणं नाही, आंघोळीला आतून कडी नाही.”

“कडी आहेच कुठे?” लेक म्हणाली. “आईने कधीच काढून टाकली. वर मी आंघोळभर मोठ्याने गायचं, असा तिचा हुकूम. चार वर्षं एकच गाणं! अख्ख्या बिल्डिंगचे कान किटलेत.”

“किटू देत,” आई म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. “मी ते कधी ऐकलंच नाही गं. थांबत नाही ना, एवढंच ऐकत होते. उद्या जरा गाणं ऐकेन म्हणते.”