लेकीचा घास

खाटकाची मुलगी लहानपणी एकदा दुकानात आली, तिनं बकरं कापताना बघितलं आणि त्या दिवसापासून मटणाला तोंड लावलं नाही. त्याच्या हातचं मटण अख्ख्या गल्लीनं मिटक्या मारत खाल्लं, पोटच्या पोरीनं नाही, हे त्याला कायम सलायचं. रविवारी त्यानं प्रयोगशाळेत वाढवलेलं मटण आणलं, स्वतः रांधलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"ह्याच्यासाठी बकरं कापलेलं नाही. नको वाटलं तर राहू दे."

तिनं भीतभीतच घास घेतला. मग हळूच म्हणाली, "बाबा, अजून आहे?"

सोमवारी त्यानं तसलंच मटण 'बकरं न कापता' अशी पाटी लावून दुकानात पुढंच मांडलं. एक गिऱ्हाईक हसलं, "काय हो, धंदा गुंडाळताय वाटतं?"

"गुंडाळतोय कसला!" खाटीक म्हणाला. "घरचं गिऱ्हाईक आत्ता कुठं लागलंय."