शेवंताआत्याच्या मिरच्या

तुरीच्या सगळ्या ओळींनी माना टाकल्या होत्या. केतकीने बियांना दुष्काळात पिकाला तगवणारे जिवाणू चोळले होते, त्या तीन ओळींनीसुद्धा! पाऊस दडी मारून बावीस दिवस झाले होते आणि आत्याशी लावलेली पैज साफ बुडाली होती. जिंकली असती, तर पुढच्या वर्षी अख्ख्या शेताला जिवाणू मिळाले असते. आता वर्षभर भांडी घासा!

“जंतूंनी कुठं पीक वाचतं होय गं?” शेवंताआत्या खुशीत म्हणाली. अंगणवाडीत पोरांचे हात धुण्यात तिची तीस वर्षं गेली होती. “तुझं ते काळं, चिकट बियाणं बघून शिसारीच आली मला. पेरायच्या आधी तीन पाण्यांनी लख्ख धुतलं!”

“धुतलंस?” केतकी किंचाळली. “आणि ते पाणी?”

“वाया कशाला घालवू? परसातल्या मिरच्यांना ओतलं.”

केतकी धूम पळाली. परसात वांगी सुकली होती, भोपळ्याचा वेल वाळला होता. मिरच्या मात्र ताठ, हिरव्यागार, लगडलेल्या!

मागून धापा टाकत आत्या आली. तिने एक मिरची तोडून कचकन चावली. “बघ, स्वच्छतेचा गुण!”

“आत्या, यांना जगवणारे जंतू मुळाशी बसलेत. कोट्यवधी. माझेच!”

आत्याचा घास तोंडातच राहिला. तिने मिरच्यांकडे पाहिलं, सुकलेल्या वांग्यांकडे पाहिलं आणि घास गिळला.

“बरं, पुढच्या वर्षी अख्खं शेत तुझं,” ती पुटपुटली. “पण बियाणं चोळायच्या आधी साबणाने हात धुवायचे. त्या बिचाऱ्यांना आपले जंतू लागायला नकोत.”